दादा नवव्या मिनिटाला जातात

त्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधलं सगळ्यात मोठं गुपित माझ्या पोटात होतं. माझे सासरे कधी मरणार, हे मला सेकंदासकट ठाऊक होतं. नवव्या मिनिटाला, अकराव्या सेकंदाला, होडीसकट, एका जबड्यात. आणि सासरे त्या दिवसाची वाट बघत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी एकेक तारीख लाल पेनने खोडत होते.

लगेच हळहळू नका. सासरे ठणठणीत आहेत. आत्ता मी हे लिहितेय तेव्हा पलीकडच्या खोलीत रेडिओवर बातम्या देणाऱ्याच्या चुका काढताहेत. मरायचा होता तो सिनेमातला एक दाढीवाला कॅप्टन, आणि त्याला आवाज होता दादांचा. आम्ही घरातले त्यांना दादाच म्हणतो, आणि आमचं ऐकून सगळी बिल्डिंगही म्हणते.

मी डबिंग स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट आहे. दुसऱ्या भाषेतले सिनेमे आमच्याकडे येतात, आमचे कलाकार त्यात आपल्या भाषेत बोलतात, आणि ते बोलणं पडद्यावरच्या ओठांवर नीट बसवणं हे माझं काम. बारा वर्षं मी राजपुत्रांपासून रोबोटपर्यंत सगळ्यांना बोलतं केलंय. हा सिनेमा शार्कचा होता. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं गाडलेला, जगाने कधीच संपला म्हणून सोडून दिलेला एक अजस्र शार्क जागा होतो आणि इतक्या वर्षांची तुंबलेली भूक घेऊन वर येतो. गोष्ट एवढीच, पण गावभर भिंतींवर त्याचाच आ वासलेला जबडा चिकटलेला होता. सिनेमा लागेपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर बोलणार नाही, असा कागद कंपनीने माझ्याकडून सही करून घेतला होता.

आमचा एक भारदस्त आवाजाचा कलाकार आहे. म्हातारे राजे, न्यायाधीश आणि खुनी आम्ही त्यालाच देतो. नेमकं त्याच्या घशाचं ऑपरेशन निघालं. आमच्या डायरेक्टरबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या, आणि मी चहा ढवळता ढवळता म्हणून गेले की आमच्या सासऱ्यांचा आवाज असाच आहे. तो चहा मी गुपचूप प्यायले असते तर पुढचं काही झालं नसतं.

दादा चौतीस वर्षं बस स्टँडवर अनाउन्सर होते. कुठली बस कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं मूल हरवलंय, हे सगळं गावाने त्यांच्या तोंडून ऐकलं. मग तिथे यंत्र बसलं. यंत्रातल्या मुलीचे उच्चार दादांना सहन होत नाहीत, म्हणून ते आता बसने जातच नाहीत. पण सवय कुठे जाते? घरात जेवणाची वेळ झाली की "जेवण तयार आहे, संबंधितांनी टेबलाजवळ यावे," असं अजूनही आम्हाला ऐकावं लागतं. माझ्या नवऱ्याला त्याचं काही वाटत नाही, तो त्यातच वाढला. माझ्या मात्र डोक्यात जायचं, हे कबूल करते.

तर दादा स्टुडिओत आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून असल्या मोठ्या सिनेमांची चित्रफीत आमच्याकडे काळी करून येते. सगळा पडदा काळा, आणि जो बोलतोय त्याच्या तोंडापुरतं एक गोल भोक. दादांना दिसली ती एक पांढरी दाढी, फुटलेले ओठ आणि एक सोन्याचा दात. तो माणूस कुठे उभा आहे, समोर कोण आहे, मागून काय येतंय, यातलं काहीही त्यांना दिसत नव्हतं. पूर्ण चित्र कंपनीने फक्त दोघींना दाखवलेलं, बाईंना आणि मला.

त्यातून वाक्यं क्रमाने घेतच नाहीत. हळू बोलायची आधी, ओरडायची शेवटी, म्हणजे घसा टिकतो. दादांची एकूण अकरा वाक्यं. शेवटचं वाक्य वादळातलं होतं: "माझ्या हातात सुकाणू आहे तोवर एकाच्याही केसाला धक्का लागणार नाही." दादांनी ते असं म्हटलं की काचेच्या अलीकडे बसून माझ्या अंगावर काटा आला. सिनेमात हे वाक्य येतं सहाव्या मिनिटाला. दादांनी ते सगळ्यात शेवटी म्हटलं, म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की सिनेमाचा शेवटही त्यानेच होतो. कॅप्टन हाच हीरो, शार्क खलास, सगळे सुखरूप घरी. आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाची ही चूक व्हायचीच, मला ती त्याच क्षणी कळायला हवी होती.

मग बाई म्हणाल्या, आता फक्त एक मोठी किंकाळी द्या.

"कुणाची?" दादांनी विचारलं.

"कॅप्टनची."

"कॅप्टन किंचाळत नाही," दादा म्हणाले.

बाईंनी समजावलं, विनवलं, स्वतः किंचाळून दाखवलं. दादा ढिम्म. त्यांनी बाईंना स्टँडवरची हकिगत सांगितली. सुट्टीचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही, आणि तीन नंबरला उभ्या असलेल्या बसच्या इंजिनाने पेट घेतला. धूर दादांनी केबिनमधून सगळ्यांच्या आधी पाहिला. पण आवाज रोजचाच ठेवला आणि लोकांना डाव्या गेटने बाहेर काढलं. कुणाला खरचटलंही नाही. माइकसमोरचा माणूस किंचाळला की लोक आगीने नाही, चेंगरून मरतात, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, इथे कुणीही मरणार नाही, नुसता सिनेमा आहे, एकदाच. दादांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मग माइककडे झुकले आणि स्टँडवरच्या त्याच सुरात म्हणाले, "प्रवाशांनी घाबरून धावपळ करू नये. धन्यवाद."

बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. कपाटातली एखादी तयार किंकाळी लावून टाक, असं मला सांगून त्या निघून गेल्या. रेकॉर्डिंग बंद करायचं मी विसरले होते, म्हणून ते वाक्य राहिलं.

घरी आल्यावर दादांनी दुसऱ्या दिवसापर्यंत दम धरला, हेच खूप. माझ्यासारखाच कागद स्टुडिओत त्यांच्याकडूनही सही करून घेतला होता, त्याची अट त्यांनी पाळली, गोष्ट सांगितली नाही. फक्त त्या सिनेमाच्या हीरोला आपला आवाज आहे, एवढंच दोन्ही जिन्यांवर सांगून आले. जाहिरात ते दिवसातून दहा वेळा फोनवर बघायचे. तिच्यात अर्धा सेकंद एक होडी दिसते, तिथे थांबवून ती होडी आपली आहे, असं दूधवाल्यालाही दाखवायचे. शार्कच्या दातांची लांबी, त्याचं वजन, तो दिवसाला किती खात असेल, हे सगळं त्यांनी कुठूनकुठून वाचून काढलं आणि जेवताना आम्हाला ऐकवलं.

खाली आवारात एक लाकडी बाक आहे. त्यावर रोज संध्याकाळी दादा आणि तळमजल्यावरचे वकील बसतात आणि भांडतात. पाण्याची टाकी कधी धुवायची इथपासून चंद्र खरंच तेवढा लांब आहे का इथपर्यंत त्यांना कुठलाही विषय चालतो. वीस वर्षं हे चाललंय. वकिलांनी हीरोची बातमी ऐकली आणि पुरावा मागितला. अकरा वाक्यांचा हीरो त्यांना पटेना. शब्दाला शब्द वाढला आणि वकील घरात जाऊन टाइप केलेला कागद घेऊनच बाहेर आले. प्रथम पक्षाचा दावा असा की कॅप्टन हा चित्रपटाचा नायक असून शेवटपर्यंत जिवंत राहतो. दावा खोटा ठरल्यास प्रथम पक्ष आवारातील बाकावर बसून वर्षभर एक शब्दही बोलणार नाही. खरा ठरल्यास द्वितीय पक्षाला तीच अट लागू.

दादांनी वाचून न वाचल्यासारखं करून सही ठोकली. साक्षीदार म्हणून सही कुणाची घ्यायची? तर भाजीची पिशवी घेऊन नेमकी मी फाटकातून आत येत होते. एका कागदाने माझं तोंड शिवलेलं, आणि दुसऱ्या कागदावर मी सासऱ्यांच्या मौनाची साक्षीदार. सही वाकडी आली, ती पिशवीच्या वजनाने, असं मी सांगितलं.

बिल्डिंगमध्ये आनंदीआनंद झाला. दोघांपैकी कुणीही हरलं तरी वर्षभर संध्याकाळी शांतता मिळणार होती. पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाच्या तीन अख्ख्या रांगा आमच्या बिल्डिंगने धरल्या.

मला मात्र झोप लागेना. वकील हरले असते तर मजेत हरले असते, त्यांना घरी बोलायला बायको आहे, मुली आहेत, फोनवर अशिलं आहेत. दादांचं तसं नव्हतं. स्टँड गेला, सासूबाई गेल्या, उरलं ते खालचं बाक. तिथेही तोंड बंद म्हणजे या माणसाने करायचं काय? मी आडून आडून सुचवायला सुरुवात केली. म्हटलं, दादा, अकरा वाक्यं जरा कमीच नाहीत का. ते म्हणाले, खऱ्या मोठ्या माणसांना जास्त बोलावं लागत नाही. हे ते सलग पाऊण तास बोलल्यावर म्हणाले. म्हटलं, कधी कधी सुरुवातीलाच एखाद्या चांगल्या माणसाला... तर म्हणाले, बरोबर, सुरुवातीलाच हीरोची ओळख करून देतात. म्हटलं, आपण त्या आठवड्यात नणंदेकडे जाऊन येऊ या का. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुनेला सासऱ्याचं कौतुक बघवत नाही, हे त्यांना आज कळलं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडावर आपण सांगितलेलं सगळं लोकांना वाचता येतं.

सिनेमा लागायला दोन आठवडे उरले तेव्हा नववं मिनिट माझ्या टेबलावर आलं. किंकाळी बसवायची होती. आमचं किंकाळ्यांचं कपाट म्हणजे कॉम्प्युटरमधला एक फोल्डर. त्यात दीडशेच्या वर किंकाळ्या आहेत, उंचावरून पडतानाच्या, भाजतानाच्या, पाल पाहिल्याच्या. मी एकेक लावून पाहिली. नऊ मिनिटं दादांचा तो खणखणीत आवाज, आणि जबडा मिटताना कुणा भलत्याच माणसाचं केविलवाणं केकाटणं. सातव्या किंकाळीला मला संताप आला. दादांचा नाही, त्या शार्कचा. मरायचंच आहे तर माणूस स्वतःच्या आवाजात तरी मरू दे.

त्या क्षणी पडद्यावर कॅप्टनची पाठ आहे, ओठ दिसतच नाहीत. मी ते विसरून राहिलेलं वाक्य शोधलं आणि जबडा मिटतो तिथे बसवलं. नुसतं "धन्यवाद" कापायचं की ठेवायचं याचा विचार केला आणि ठेवलं. ते जबडा मिटल्यावर आतून आल्यासारखं थोडं घुमवलं.

शेवटच्या तपासणीला डायरेक्टरबाई शेजारी बसल्या. नववं मिनिट आलं. शार्क आला, होडी उभी झाली, दादा शांतपणे बोलले. बाईंनी थांबवायला सांगितलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि कंपनीने विचारलं तर आपल्याला तेव्हा डुलकी लागली होती, असं म्हणून पुढचं लावायला सांगितलं. माझी नोकरी तिथे वाचली. दादांचं मात्र काहीच वाचलं नव्हतं, मेले ते मेलेच होते.

तो दिवस आला. दादांनी लग्नातला कोट काढला होता. थिएटरच्या दारात शार्कचा पुठ्ठ्याचा जबडा उभा केला होता, त्यात उभं राहून त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येक कुटुंबाबरोबर फोटो काढून घेतला. आत आम्ही मधल्या रांगेत बसलो, वकील बरोबर मागे, मांडीवर पैजेच्या कागदाची त्यांची प्रत. अंधार झाला आणि सहाव्या मिनिटाला दादांचा आवाज थिएटरभर घुमला, एकाच्याही केसाला धक्का लागणार नाही म्हणून. तीन रांगांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दादांनी मागे वळून वकिलांकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले आणि सेकंद मोजत राहिले.

मग तो जबडा. संगीत बंद झालं, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं, आणि दातांच्या मधून माझ्या सासऱ्यांनी प्रवाशांनी घाबरून धावपळ करू नये अशी सूचना दिली. जबडा मिटला. आतून "धन्यवाद" आलं. मग हशा उसळला, शिट्ट्या आल्या, पार पुढच्या रांगांतले अनोळखी लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. पडद्यावर होडीच्या फळ्या तरंगत होत्या.

दादा ताठ बसले होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मी गेलो का?"

"हो, दादा."

"तुला माहीत होतं."

"कागद होता कंपनीचा. सांगता येत नव्हतं."

"मग नाही सांगितलंस ते बरोबर केलंस." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "लोक हसले का?"

"हसले. पण टाळ्याही वाजवल्या."

"कुणी पळालं?"

"नाही."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. मध्यंतरात वकील पुढे वाकले, कागद हातात होताच. दादांनी मागे न वळता तोंडावर बोट ठेवून दाखवलं. वकील काहीतरी चुरचुरीत बोलायला आले असणार, पण ते तसेच मागे टेकले.

कागदात फक्त बाकाचा उल्लेख होता, घराचा नव्हता. तरी दादा घरीही बोलेनात. टेबलाजवळ यायची सूचना बंद झाली. मी ताटं वाढली तरी घर सुनंसुनं, आणि मी बारा वर्षं ज्या आवाजाला वैतागले तो ऐकण्यासाठी दोन दिवसांत माझा जीव कासावीस झाला. शेजारची मुलं जिन्यात "प्रवाशांनी घाबरून" म्हणत धावत होती, ते ऐकून दादा आत जाऊन दार लावून घ्यायचे. नवऱ्याने मला विचारलं की दादांना बरं नाही का. मी त्याच्यावर उगाचच ओरडले.

दोन्ही संध्याकाळी ते वेळेवर खाली गेले, बाकावर बसले. वकील बोलत राहिले. टाकीबद्दल बोलले, मुद्दाम चुकीचं बोलले. सूर्य पृथ्वीपेक्षा लहान आहे असंही म्हणून पाहिलं, मी खिडकीतून ऐकलं. दादांनी मूठ आवळली आणि सोडली, बस. बिल्डिंगला हवी होती ती शांतता मिळाली, आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळे आपापल्या खिडकीत उभे राहून ती बघत होते. कुणालाच ती आवडली नाही.

तिसऱ्या दिवशी बाक जागेवर नव्हतं. वकीलसाहेबांनी रंग द्यायचा म्हणून गच्चीवर चढवायला लावलं, असं वॉचमनने सांगितलं. त्या जागी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. दादा खाली गेले, जागा बघून थबकले.

"बसा," वकील म्हणाले. दादा बसले. वकिलांनी खिशातून कागद काढला, चष्मा चढवला. "आवारातील बाकावर बसून, असं लिहिलेलं आहे. तुम्ही बसलाय ते बाक आहे का?"

दादांनी खुर्ची खालून, वरून पाहिली आणि मान हलवली, नाही.

"मग बोला आता. दोन दिवस कुणी माझ्याशी भांडलेलं नाही. जेवण जात नाही मला."

दादांनी हात पुढे करून कागद मागितला. लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. मी गॅस बंद करून खिडकीशी आले होते. वरच्या मजल्यांवरही हालचाल थांबली होती.

"वर्षभर म्हटलंय यात," दादांचा आवाज तीन मजले चढून वर आला, स्टँडवरचा तो पूर्ण आवाज. "कुठल्या तारखेपासून, ते कुठे लिहिलंय? असा कागद करतात होय? इतकी वर्षं तुम्ही वकिली केलीत तरी कशी?"

वकिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला.